आगरी बोलीची ध्वनिव्यवस्था आणि आमचा शुद्धाशुद्धविवेक

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या 'भारतीय भाषांच्या पाहणी'चा सातवा खंड १९०५ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. हा सबंध खंड मराठीला वाहिलेला असून त्याची सिद्धता स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केली. या गोष्टीस शतकाहून अधिक काळ लोटला. तथापि मराठीच्या बोलींविषयी काही जबाबदारीचे विधान करावयाचे झाले म्हणजे अभ्यासकास आजही प्रथम याच खंडाकडे वळावे लागते. जो ग्रंथ इतका दीर्घकाळ आधारभूत राहतो, त्याचे ऋण मान्य करणे जितके अगत्याचे, तितकेच त्याच्या मर्यादा तपासून पाहणेही अगत्याचे असते. भिवंडीसारख्या गावी राहणाऱ्यास तर ही तपासणी करण्याची एक विशेष सोय आहे. या खंडात ज्या बोलींची दखल घेतली आहे त्यांपैकी आगरी ही आमच्या सभोवतालच्या खेड्यांतून अद्यापि कानी पडते. कशेळी, काल्हेर, पूर्णा, खारबाव या बाजूस गेले असता एका हाती ग्रंथ धरून दुसरीकडे कान देता येतो. अशा रीतीने वाचताना जो प्रश्न आमच्या मनात उभा राहिला, तोच येथे वाचकांपुढे मांडावयाचा आहे. ज्याला आपण सुशिक्षित मंडळी 'अशुद्ध उच्चार' म्हणतो तो खरोखर चुकांचा ढीग आहे, की ती स्वतःच्या नियमांनी चालणारी एक ध्वनिव्यवस्था आहे? आणि ती व्यवस्था असेल, तर आपण ती नीट ऐकली आहे काय?

प्रथम ग्रंथाच्या गुणांविषयी. ग्रिअर्सनची पाहणी १९०३ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाली आणि तीत १७९ भाषा व ५४४ बोली यांची नोंद आली. एवढ्या अवाढव्य कार्यात उत्तर कोकणातील मीठ पिकविणाऱ्या, भात लावणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांच्या बोलण्यास जागा मिळावी, हीच मुळी लहान गोष्ट नव्हे. त्या काळी आमच्याकडील व्याकरणकारांचे सारे लक्ष पुण्याच्या शिष्ट भाषेवर खिळलेले होते, आणि कोकणातील खेडुतांची भाषा म्हणजे केवळ सुधारून घ्यावयाची वस्तू, अशीच सर्वसाधारण समजूत होती. या खंडात आगरी, कोळी, कुणबी, ठाकरी, काथोडी, वारली, सामवेदी इत्यादी नावांच्या बोली शिष्ट मराठीच्या शेजारी, त्याच पंक्तीस बसविल्या आहेत. त्यांची चेष्टा नाही, कीवही नाही. जे ऐकले ते लिहिले आणि त्यांतील नियम कोणता ते सांगितले, एवढेच. शास्त्रीय वृत्तीचा हा धडा आपण अजूनही पुरता गिरविलेला नाही.

आता ती ध्वनिव्यवस्था म्हणजे काय, ते पाहू. आगरी बोलीत 'ण' हा स्वतंत्र वर्ण नाही. 'पाणी' ते 'पानी', 'कोण' तो 'कोन'. 'ळ' हाही नाही. 'डोळा' तो 'डोला', 'काळा' तो 'काला'. 'व' हा 'इ' किंवा 'ए' या स्वरांपूर्वी टिकत नाही. 'विचार' तो 'इचार', 'वेळ' ती 'येल'. येथपर्यंतच्या गोष्टी महाराष्ट्रात इतरत्रही आढळतात. वऱ्हाडातही 'पानी'च पितात. आगरी आणि तिच्या शेजारच्या कोळी बोलीचे खास लक्षण निराळे आहे, आणि ते म्हणजे 'ड' व 'ढ' यांचा 'र' होणे. 'घोडा' तो 'घोरा', 'झाड' ते 'झार', 'थोडासा' तो 'थोरासा', 'एवढा' तो 'एवरा'. शहरातील श्रोत्यास हसू येते ते बहुधा याच ठिकाणी.

परंतु हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा 'र' वाटेल तेथे येत नाही. 'डोला' या शब्दात आरंभीचा 'ड' जसाच्या तसा राहतो. त्याला कोणी 'रोला' म्हणत नाही. 'डोंगर' तो डोंगरच. 'भांडण' याचे 'भांडन' होते, कारण तेथे 'ड'च्या आधी अनुनासिक आहे आणि त्याच्या आश्रयाने 'ड' बचावतो. म्हणजे 'ड' हा शब्दाच्या आरंभी किंवा अनुनासिकास लागून असला तर टिकतो, आणि मोकळ्या स्वराच्या मागे आला तर त्याचा 'र' होतो. 'वेडा' या शब्दास दोन नियम एकदम लागतात. 'ए'पूर्वीचा 'व' जाऊन तेथे 'य' येतो, आणि दोन स्वरांमधील 'ड' चा 'र' होतो. म्हणून तो 'येरा'. ज्या मुलाने व्याकरणाचे पुस्तक कधी हाती धरले नाही, ते मूल हे दोन्ही नियम एका शब्दात, क्षणाचाही विचार न करता पाळते. चुका अशा रीतीने होत नसतात. चूक ही आज एक, उद्या दुसरी, माणसागणिक वेगळी. जे सर्वांच्या मुखी सारखे आणि स्थान पाहून बदलणारे, त्याला भाषाशास्त्रात नियम असे म्हणतात.

यावर असा आक्षेप येईल की, नियम असला म्हणून तो शुद्ध कसा ठरतो? मूळ वर्ण सोडून भलताच वर्ण उच्चारणे हा अपभ्रंशच नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर देण्यास फार लांब जावे लागत नाही. शुद्धतेचे जे आदिपीठ आपण मानतो त्या ऋग्वेदाकडेच वळावे. ऋग्वेदाच्या शाकल पाठात दोन स्वरांमधील 'ड' चा 'ळ' होतो, आणि 'ढ' चा 'ळ्ह'. अगदी पहिल्या सूक्तातील पहिल्याच ऋचेत 'ईडे' याच्या ठिकाणी 'ईळे' असे रूप आहे, हे कोणाही वेदपाठकास ठाऊक असते. हिंदीत हाच 'ड' दोन स्वरांमध्ये सापडला की जीभ उडवून उच्चारला जातो आणि तेथे अक्षराखाली नुक्ता देतात. तेव्हा दोन स्वरांच्या कात्रीत सापडलेल्या 'ड' ने आपला कठीणपणा सोडावा, ही भारतीय भाषांची फार जुनी प्रवृत्ती होय. वैदिक ऋषींच्या मुखी त्याचा 'ळ' झाला, उत्तरेस त्याला नुक्ता मिळाला, आणि आमच्या खाडीकाठी तो 'र' झाला. पहिल्याला आपण वंदन करतो, दुसऱ्याला मान्यता देतो आणि तिसऱ्याला हसतो. यात ध्वनिशास्त्राचा न्याय कोणता, ते आम्हांस तरी उमगत नाही.

'ण' आणि 'न' यांचीही कथा अशीच बोधप्रद आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृताचा आपल्याला सार्थ अभिमान आहे आणि जिच्यात हालाची गाथासप्तशती रचली गेली, त्या प्राकृतात व्याकरणकारांच्या मते झाडून साऱ्या 'न' चा 'ण' होतो. आगरीने याच्या नेमके उलट केले. साऱ्या 'ण' चा 'न' केला. एकीने सरसकट एक वर्ण ठेवला, दुसरीने सरसकट दुसरा. शिष्ट मराठीत दोन्ही वर्ण आहेत हे खरे. परंतु ते संस्कृतातले जसेच्या तसे राखलेले आहेत अशी समजूत असल्यास ती चुकीची होय. संस्कृतात 'पानीय' असा शब्द असून त्यात 'न' आहे; आपण 'पाणी' म्हणतो. संस्कृतात 'कर्ण' आणि 'पर्ण' यांत 'ण' आहे; आपण 'कान' आणि 'पान' म्हणतो. 'फल' याचे आपण 'फळ' केले, पण 'तैल' याचे 'तेल' ठेवले. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात या घडामोडींचा मार्ग उलगडून दाखविला आहे. प्राकृतात जेथे एकेरी व्यंजन होते तेथे 'ण' आणि 'ळ' आले. जेथे जोडव्यंजन होते तेथे 'न' आणि 'ल' राहिले. हा नियम सुंदर आहे आणि शिष्ट मराठीने तो जपला ही तिची थोरवी आहे. परंतु संस्कृताशी ताडून पाहावयाचे, तर 'पानी' म्हणणारा आगरी शेतकरी 'पाणी' म्हणणाऱ्या आम्हां पदवीधरांपेक्षा मूळ शब्दाच्या अधिक जवळ आहे, हे कबूल करावे लागेल.

शिष्ट भाषेनेही आपले वर्ण कमी गमावले नाहीत. 'ष' आणि 'श' यांतील भेद आज किती सुशिक्षितांच्या बोलण्यात उरला आहे? 'ऋ' हा स्वर म्हणून कोण उच्चारतो? लिहिताना आपण ही अक्षरे काळजीपूर्वक लिहितो आणि बोलताना खुशाल एकाच्या जागी दुसरे वापरतो. त्याला मात्र अशुद्ध असे कोणी म्हणत नाही. उलट, 'च' आणि 'ज' यांचे आपण प्रत्येकी दोन उच्चार करतो, पण लिपीत त्यांस एकेकच अक्षर आहे. 'जग' हा शब्द एका उच्चाराने विश्व होतो आणि दुसऱ्या उच्चाराने जगण्याची आज्ञा होतो. कागदावर दोन्ही एकसारखे. तरी वाचणारा अडखळत नाही. मग आगरीत 'माळ' आणि 'माल' यांचा उच्चार एक झाला, 'वाडा' आणि 'वारा' एका रूपात आले, तर गोंधळ माजेल अशी भीती कशास बाळगावी? 'माल' तो की ती, हे लिंगावरून कळते. 'वारा' वाहतो आहे की बांधला आहे, हे क्रियापदावरून कळते. भाषा एका वर्णावर विसंबून राहत नाही; ती साऱ्या वाक्याचा आधार घेते.

हे सारे विवेचन ज्या पायावर उभे आहे तो पाया ग्रिअर्सनच्या खंडाने घातला, हे आम्ही वर म्हटलेच आहे. आता त्याच्या दोषांकडे वळू. पहिला दोष नावांचा. कोकणातील बहुतेक बोलींस त्यात जातींची नावे दिली आहेत. यात काही तथ्य आहे. लग्नसंबंध आणि वस्ती यांनी बोलीच्या सीमा आखल्या जातात हे नाकारता येत नाही. परंतु नाव जातीचे दिले की नियमही त्या जातीचाच, असा भास होतो. वस्तुतः 'ड' चा 'र' आगऱ्याच्या अंगणात सुरू होऊन कोळ्याच्या होडीपाशी थांबत नाही. ध्वनींच्या सीमा खाडी, बाजार आणि बैलगाडीच्या वाटा यांनीही ठरतात. भिवंडीचा आगरी आणि अलिबागचा आगरी यांच्या बोलण्यात अंतर असते, आणि भिवंडीचा आगरी व त्याचा कोळी शेजारी यांच्यात पुष्कळ साम्य असते. नकाशा न करता नामावळी केली, की ही गोष्ट झाकली जाते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. प्रत्येक बोलीचा मुख्य नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर मागविले होते. तुलनेसाठी एकच मजकूर सर्वत्र असावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु भाषांतर करताना माणूस आपल्या सहज बोलण्यापासून दूर सरतो. त्यातून त्या कथेत डुकरे आहेत, पुष्ट वासरू आहे, दूरदेशीचा दुष्काळ आहे. नाही ते खाजण, नाही तो भरती-ओहोटीचा हिशेब, नाही राब भाजणे, नाही आवणाच्या जुड्या, नाही मिठागरातील कोंड्या. ज्या आगरावरून या लोकांस आगरी हे नाव पडले, त्या आगराचाच त्यांच्या मुख्य नमुन्यात पत्ता नाही. नमुने गोळा करण्याचे काम जिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांमार्फत झाले. तेव्हा बोलणाऱ्याच्या मुखातून निघालेला शब्द शिष्ट मराठीत शिकलेल्या कोणा लेखनिकाच्या कानातून गाळून कागदावर आला, हेही विसरता येत नाही. स्वरांची लांबी, आघात, आणि ज्याला आपण बोलीचा 'हेल' म्हणतो ती सुरावट, यांपैकी कागदावर जवळजवळ काही उतरले नाही. वास्तविक डोळे मिटून ऐकणाऱ्यास आगरी बोली ओळखू येते ती 'र' वरून नव्हे, हेलावरून.

परक्या कानाने ऐकलेल्या भाषेचे काय होते, याचा एक दाखला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर केचुआ नावाची भाषा बोलली जाते. इंका साम्राज्याचा कारभार तिच्यातून चाले. तिचे पहिले व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश पाद्र्याने १५६० साली छापविले. केचुआत अर्थभेद करणारे मूळ स्वर तीनच. अ, इ आणि उ. परंतु उर्दूतील नुक्त्याच्या 'क' सारखा एक खोल कंठ्य वर्ण तिच्या अनेक बोलींत आहे, आणि त्याच्या सान्निध्यात 'इ' हा 'ए' सारखा व 'उ' हा 'ओ' सारखा ऐकू येतो. स्पॅनिशांच्या स्वतःच्या भाषेत पाच स्वर असल्याने त्यांनी पाच ऐकले आणि पाच लिहिले. पेरूच्या सरकारने १९८५ साली तीन स्वरांची लेखनपद्धती मान्य केली. तथापि तीन की पाच हा वाद त्यानंतरही पुष्कळ गाजला. याच भाषेच्या पाकाराओस नावाच्या एका डोंगरी बोलीचे वर्णन विलेम आदेलार या डच विद्वानाने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात केले, ते ती बोली लयास जात असतानाच. आम्ही हा दाखला देतो तो नवलाईसाठी नव्हे. स्पॅनिश पाद्री निदान परदेशी होता. आम्ही तर शेजारी आहोत, एकाच बाजारात भाजी घेणारे. आणि तरीही आगरी माणसाचे बोलणे आम्ही आमच्याच वर्णमालेच्या चाळणीतून ऐकतो, आणि चाळणीत जे उरते त्याला दोष हे नाव देतो.

याचे पडसाद आमच्या वाङ्मयातही उमटले आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात बोलींनी मराठी साहित्यात मानाने प्रवेश केला. १९५२ साली बहिणाबाई चौधरी यांची कविता ग्रंथरूपाने आली आणि खानदेशच्या बोलीकडे पाहण्याची सुशिक्षितांची दृष्टीच पालटली. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० सालच्या कादंबरीने वऱ्हाडी बोलीत केवढे दुःख पेलता येते ते दाखविले. या ग्रंथांचे वाचक त्या बोलीस हसले नाहीत, कारण त्या बोलीत कोणीतरी त्यांच्याशी गंभीरपणे बोलत होते. आगरीत लिहिणारे कवी व गाणारे शाहीर नाहीत असे मुळीच नाही. परंतु मोठ्या रंगभूमीवर आणि पडद्यावर ही बोली बहुधा येते ती नोकर, दांडगट किंवा विदूषक यांच्या तोंडी. आणि येते तीही अर्धवट. लेखक चार ठिकाणी 'ळ' चा 'ल' करतो, दोन ठिकाणी 'ड' चा 'र' करतो आणि उरलेले वाक्य पुस्तकी मराठीचेच ठेवतो. क्वचित, 'र' करण्याच्या भरात, जेथे आगरी माणूस 'ड' च म्हणेल तेथेही तो 'र' घालतो. अशा लेखनास बोलीचे चित्रण म्हणता येत नाही. ती नक्कल होय, आणि नक्कल करणाऱ्यास नियम माहीत नसल्याने ती वाईट नक्कल होय. बोलीत लिहिलेल्या पात्राचे परीक्षण करताना टीकाकाराने हा प्रश्न अवश्य विचारावा की, लेखकाने या पात्राला नियम दिला आहे की केवळ व्यंग?

उलट बाजूने होणारी हानीही लक्षात घेण्याजोगी आहे. आगरी-कोळी समाजात लग्नाचे विधी चालतात ते धवलारिणीच्या गाण्यांनी. ही वृद्ध, अनुभवी स्त्री. तिच्या कंठात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले साठविलेले असतात. ही गाणी कोणी हौसेने टिपून घेतो, आणि टिपताना सवयीने 'शुद्ध' करतो. आता 'माळ' आणि 'गाल', 'वाडा' आणि 'तारा' हे शब्द आगरी मुखात पूर्ण यमकात बसतात. पण कागदावर 'ळ' आणि 'ड' दुरुस्त होताच तीच यमके मोडून पडतात. वाचणारा मग म्हणतो की, या गाण्यांना यमकाची जाण नाही! जाण होती, ती शुद्ध करणाऱ्याच्या लेखणीने पुसली. ध्वनिव्यवस्था ही केवळ भाषाशास्त्रज्ञाच्या टिपणवहीतली बाब नव्हे, कवितेचा सारा डोलारा तिच्यावर उभा असतो, हे यावरून दिसून येईल.

कोणी विचारील, आगरी बोलणारे अजून पुष्कळ असताना तिच्या लयाची भाषा कशासाठी? प्रश्न डोकी मोजण्याचा नाही. भिवंडीच्या पश्चिमेस आणि दक्षिणेस जेथे भाताची खाचरे होती, तेथे गेल्या काही दशकांत मैलोगणती गोदामे उभी राहिली. शेती गेली तेव्हा तिच्याबरोबर शेतीचे शब्द गेले. हे दुःखद असले तरी समजण्यासारखे आहे, वस्तू गेली की शब्द जातोच. ध्वनी मात्र वस्तूबरोबर जात नाहीत. गोदामात काम करणाराही 'गारी' म्हणू शकतो. यंत्रमागांच्या या गावात उर्दू, हिंदी, तेलुगू आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात, आणि एकेक माणूस तीन तीन भाषा सहज बोलतो; तेव्हा अनेक भाषा कानी पडण्यानेही घरची बोली मरत नाही. ध्वनी जातात ते लाजेने. आमच्या वर्गात खेड्यातून येणारा तरुण पहिले काही महिने तोंड उघडत नाही. उघडतो तेव्हा प्रत्येक 'न' पाशी थबकतो, आणि भीतीपोटी 'मन' चे 'मण' व 'कान' चा 'काण' करतो. जेथे 'ण' नको तेथेही तो घालतो, कारण 'ण' म्हणजे शिक्षण अशी त्याची समजूत करून देण्यात आली आहे. हाच तरुण पुढे बाप होतो आणि आपल्या मुलाशी घरची बोली बोलावयाचे टाळतो. आजीचे बोलणे नातवाला कळते, पण त्याला तसे बोलता येत नाही. एका पिढीत हा दुवा तुटला की मग माणसे कितीही असोत, व्यवस्था गेली.

यावर उपाय म्हणून शिष्ट मराठी शिकवू नये, असे आमचे म्हणणे नाही. सर्व प्रांतांस सामाईक अशी एक लेखनभाषा हवीच, आणि खेड्यातील मुलाला तिच्यावर प्रभुत्व मिळू न देणे हा त्याच्यावर अन्याय होईल. परंतु शिष्ट भाषा शिकवावी ती भर म्हणून, बदली म्हणून नव्हे. "तुझ्या घरी 'पानी' म्हणतात, ते त्या भाषेच्या नियमाने बरोबर आहे, लिहिताना मात्र 'पाणी' असे लिहितात," एवढे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले तरी पुष्कळ काम होईल. अभ्यासकांच्या बाजूने स्वागतार्ह आरंभ झालेला आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे, आणि ते कोणालाही ऐकता येते. लेखनिकाच्या कानाची चाळणी यात गळून पडली, ही ग्रिअर्सनच्या पद्धतीवर झालेली मोठी सुधारणा होय. याच्या जोडीस प्रत्येक गावातील एखाद्या धवलारिणीचे सबंध लग्न, आरंभापासून शेवटपर्यंत, तिच्याच उच्चारात मुद्रित होऊन तिच्याच वर्णांत लिहिले जावे, अशी आमची इच्छा आहे. ते काम पाहणी करणाऱ्या संस्थेपेक्षा घरातील शिकलेल्या मुलीसुनांना अधिक चांगले साधेल. कारण नियम त्यांना आधीच अवगत आहे.

ग्रिअर्सन आणि कोनो यांनी परक्या देशातून येऊन, परक्या कथेच्या आधाराने, आमच्या शेजाऱ्यांच्या बोलीत नियम आहे एवढे तरी ओळखले. त्यांच्या ग्रंथाचे दोष दाखविण्याचा अधिकार आम्हांस आहे. पण तो बजावण्यापूर्वी त्यांच्याइतके तरी लक्ष देऊन ऐकण्याचे कर्तव्य आम्ही पार पाडले पाहिजे. 'शुद्ध' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. बोलीच्या बाबतीत त्याचा एकच अर्थ ग्राह्य धरता येईल, आणि तो म्हणजे आपल्या नियमास सोडून न जाणारी. या कसोटीवर घासून पाहता खाडीकाठची 'येरी' म्हणून हिणवलेली ही बोली बावनकशी ठरते.